पगार थांबला तरी कापलेला कर: नवी पेठेतील एका कर सल्लागार कार्यालयाचा अनुभव

सोलापूरच्या नवी पेठेत, खाली कापडाची दुकाने आणि वर गोदामे अशा एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या कर सल्लागाराच्या कार्यालयाविषयी हे परीक्षण आहे. प्रसूती रजेच्या वर्षात माझे उत्पन्न तिसऱ्या हिश्श्याने घटले, पण पगारातून कर मात्र पूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज धरून कापला गेला होता, आणि तो परत मिळवण्यासाठी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून घ्यायला मी तेथे गेले होते. काम झाले, पैसेही मिळाले. तरीही कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण त्यांच्याबद्दल माझ्या काही तक्रारी आहेत आणि एकट्या माझ्या अनुभवावरून कोणाच्या पाटीला डाग लागावा असे मला वाटत नाही.

आधी माझा हिशेब सांगते, म्हणजे पुढचे सगळे समजायला सोपे जाईल. चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात काम करते आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षात माझा एकूण पगार महिना ७५,००० रुपये होता. एप्रिल आणि मे महिन्यांत मी कामावर होते. १ जून २०२४ पासून २९ नोव्हेंबरपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळाली. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीमुळे पहिल्या दोन अपत्यांपर्यंत एवढी रजा मिळत असे आणि त्यातील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येत. मुलगी मात्र दिवस भरण्याआधीच झाली, वजन कमी भरले, आणि त्याच सुमारास सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. त्यामुळे ३० नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत मी बिनपगारी रजा वाढवून घेतली. वर्षभरात ९,००,००० रुपये मिळायचे तेथे ५,९७,५०० रुपये हाती आले.

कारखान्याच्या लेखा विभागाने कर ठरवला तो नऊ लाखांवर. नव्या करप्रणालीत (दर कमी, पण वजावटी मोजक्याच) प्रत्येक पगारदाराला सरसकट मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर ८,२५,००० उरतात. त्या वर्षीच्या दरांनी त्यावर ३२,५०० रुपये कर आणि चार टक्के उपकर मिळून ३३,८०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला २,८१७ रुपये. हे आठ महिने कापले गेले. एकूण २२,५३६. भरपगारी प्रसूती रजेचा पगार करमुक्त असतो असा समज माझ्या ओळखीत अनेकींचा आहे, पण तो चुकीचा आहे. मालकाकडून मिळणारा तो पगारच असतो आणि इतर पगारासारखाच करपात्र धरला जातो. कर कापला म्हणून कारखान्याने चूक केली असे म्हणता येणार नाही. चूक झाली ती पुढे, नोव्हेंबरात, जेव्हा माझी बिनपगारी रजा मंजूर झाली आणि वर्षाचा अंदाज बदलूनही कोणी पुन्हा हिशेब मांडला नाही. डिसेंबरपासून पगारच नसल्याने जास्तीची कपात पुढच्या महिन्यांत वळती होण्याचा मार्गही बंद झाला.

ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्यांना साडेबावीस हजार म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गृहकर्जाचा हप्ता थांबत नव्हता आणि पतीच्या चादरींच्या घाऊक दुकानात उन्हाळ्याचे महिने नेहमीच मंदीचे जातात.

या कार्यालयात जाण्याआधी मी दुसऱ्या एका माणसाकडे गेले होते. परिचितांच्या परिचितांकडून फोन क्रमांक मिळाला. त्याने फोनवरच सांगितले, "मॅडम, पन्नास हजार रिफंड काढून देतो, आपले दहा टक्के." माझा एकूण कर २२,५३६ रुपये कापला गेला असताना पन्नास हजार परत कुठून येणार, हा साधा प्रश्न मला फोन ठेवल्यावर सुचला. भरलेल्या कराहून अधिक परतावा मिळतच नसतो. नंतर कळले की असे लोक जुनी करप्रणाली निवडतात, न दिलेले घरभाडे, न दिलेल्या देणग्या आणि न काढलेले विमे दाखवून उत्पन्न खाली आणतात आणि परताव्याचा वाटा घेऊन मोकळे होतात. विवरणपत्र तुमच्या नावाचे असते, नोटीसही तुमच्याच नावाने येते. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने याच प्रकारासाठी देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली, आणि उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्यास चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. टक्केवारीत बोलणारा माणूस दिसला की तेथूनच मागे फिरावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

दरम्यान इंग्लंडमधील नणंदेचा फोन झाला. तिचे म्हणणे असे की मूल झाले आणि उत्पन्न घटले तर सरकारच पैसे देते, तुम्ही अर्ज का करत नाही? तिच्याकडे खरोखरच तसे होते. ब्रिटनमध्ये २००३ पासून चाइल्ड टॅक्स क्रेडिट नावाची योजना चालू होती. तिच्यात संपूर्ण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाहिले जाई, उत्पन्न कमी झाले की मदत वाढू शके, आणि कायद्याने मिळणाऱ्या प्रसूती वेतनातील आठवड्याचे पहिले १०० पौंड उत्पन्नात धरलेच जात नसत. ती योजना ५ एप्रिल २०२५ रोजी संपली आणि तिची जागा युनिव्हर्सल क्रेडिट या दुसऱ्या सरकारी मदत योजनेने घेतली. आपल्याकडे याच्या जवळपास जाणारे काही प्राप्तिकरात नाही. आपल्याकडे कर व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नाही, त्यामुळे माझा पगार थांबला म्हणून पतीच्या करात एक रुपयाही फरक पडला नाही. मुलांच्या नावाने जुन्या प्रणालीत दर मुलामागे महिना १०० रुपये शिक्षण भत्ता तेव्हा करमुक्त होता, तोही दोनच मुलांपर्यंत. शंभर रुपयांत सध्या शाळेच्या रिक्षाचे किती दिवस भागतील याचा हिशेब मी करत बसले नाही. थोडक्यात, मला मिळण्यासारखे होते ते माझेच, कापून गेलेले पैसे.

नवी पेठेतील कार्यालयाचा पत्ता कारखान्यातील एका जुन्या सहकाऱ्याने दिला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी मुलीला कडेवर घेऊन गेले. जिना अरुंद आणि उभा, कठड्याला दोरी बांधलेली, आणि पायऱ्यांवर खालच्या दुकानातील टॉवेलांचे गठ्ठे. वर दोन खोल्या, एका भिंतीला लाल कापडात बांधलेल्या फायलींची दप्तरे, आणि एक लांब बाकडे ज्यावर माझ्याआधी सहा जण बसले होते. सल्लागार साठीच्या आसपासचे गृहस्थ आहेत आणि समोरचा माणूस पाहून मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत सहज फिरतात. सोलापुरात हे नवल नाही, पण कराची भाषा तिन्हींत तितकीच सोपी करून सांगणे मी प्रथमच ऐकले. पहिल्या दिवशी मला एक तास चाळीस मिनिटे थांबावे लागले. वेळ ठरवून घेण्याची सोय नाही, जो आधी येईल तो आधी. मुलगी रडू लागली तेव्हा तेथील सहायक बाईंनी काही न विचारता फायलींच्या खोलीतील टेबल रिकामे केले, पंखा लावून दिला आणि दार ओढून घेतले. एवढी समज मोठ्या कार्यालयांतही दिसत नाही.

बाकड्यावर माझ्या शेजारी पूर्व भागातून आलेली एक विडी कामगार बसली होती, पहिल्या खेपेची, सातवा महिना. तिला कोणीतरी सांगितले होते की बाळंतपणाचे पाच हजार मिळवायला कर सल्लागाराचे पत्र लागते. सल्लागारांनी तिला नंबर नसतानाही आधी आत बोलावले आणि तेलुगूत समजावले. मग मला थोडा संदर्भ कळावा म्हणून मराठीतही सांगितले. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गर्भारपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३,००० आणि बाळाची जन्मनोंदणी व पहिल्या टप्प्यातील लसी झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकाच हप्त्यात मिळतात. पैसे आईच्या आधार जोडलेल्या खात्यातच येतात. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशा ताईंमार्फत होतो, त्यात कर सल्लागाराचे काही काम नाही. तिच्याकडून त्यांनी एक पैसाही घेतला नाही. ज्यांना कायद्याने भरपगारी रजा मिळते त्यांना ही योजना लागू नाही, म्हणून माझा त्यात काही हक्क नव्हता. पण विड्या वळणाऱ्या बाईलाही, ती घरी बसून काम करत असली तरी, विडी कामगारांच्या, तेव्हा लागू असलेल्या १९६६ च्या कायद्यामुळे मातृत्व लाभ लागू होता, हे त्यांनी तिला दोनदा सांगितले. ती मान डोलावत होती, पण चेहऱ्यावरून तिचा विश्वास बसला असे वाटले नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी फॉर्म १६, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर यांचा कारखान्याने दिलेला दाखला, पुढे केला आणि आता पाच मिनिटांत सुटका होईल अशा समजुतीत बसले. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि पगाराच्या आठ महिन्यांच्या स्लिपा मागितल्या. माझ्याकडे त्या मोबाइलवर होत्या. सहायक बाईंनी त्या छापून आणल्या. मग त्यांनी शाळेत असते तशी एक लाकडी पट्टी काढली, फॉर्म १६ च्या पहिल्या भागावर ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत स्लिपेशी ताडून पाहू लागले. पहिली तिमाही ८,४५१, बरोबर. दुसरी ८,४५१, बरोबर. तिसऱ्या तिमाहीशी पट्टी थांबली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून ५,६३४ असायला हवे होते, फॉर्मवर २,८१७ च होते. "ताई, नोव्हेंबरचा कर तुमच्याकडून कापला, पण तुमच्या नावावर पोचलाच नाही," ते म्हणाले. फॉर्म २६एएस, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या कराची सरकारकडची नोंद, उघडून पाहिला तर तेथेही तोच आकडा. म्हणजे सरकारच्या दृष्टीने माझा कर कापला गेला होता १९,७१९ रुपये, प्रत्यक्षात २२,५३६.

मी हा फॉर्म तीन वेळा वाचला होता. पतीनेही वाचला होता. आम्ही दोघांनी शेवटची बेरीज पाहिली आणि सरकारी कागद आहे म्हणजे बरोबर असणार असे धरून चाललो. या एका गोष्टीसाठी मी त्यांच्या शुल्काचे पैसे वसूल झाले असे मानते.

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली, विवरणपत्रात पूर्ण २२,५३६ दाखवून भरून टाकायचे, पण नोंद जुळत नसल्याने तेवढ्या रकमेपुरता परतावा अडकण्याची शक्यता. दुसरी, आधी कारखान्याकडून दुरुस्ती करून घ्यायची आणि मगच भरायचे. त्या वर्षी पगारदारांसाठी विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवलेली होती, म्हणून त्यांनी दुसरी वाट सुचवली. कारखान्याच्या लेखा विभागाला मी फोन केला, मग ई-मेल केला, मग पुन्हा फोन केला. "बघतो मॅडम" यापलीकडे उत्तर मिळाले नाही. दहा दिवसांनी मी पुन्हा जिना चढले तेव्हा सल्लागारांनी स्वतः मला पत्र लिहून दिले: कोणत्या तिमाहीच्या २४क्यू विवरणात (पगारातून कापलेल्या कराचा कारखान्याने सरकारला द्यायचा तिमाही तपशील), कोणत्या महिन्याची, किती रुपयांची नोंद चुकीच्या पॅनवर गेली असण्याचा संभव आहे, आणि दुरुस्ती विवरण भरून सुधारित फॉर्म १६ द्यावा. पत्राच्या शेवटी माझे नाव आणि तारीख, त्यांचा शिक्का नाही. "आमचा शिक्का बघितला की ते वकिलाची नोटीस समजतात," असे म्हणाले. ते पत्र मी आवक विभागात देऊन पोच घेतली आणि चौथ्या दिवशी लेखा विभागातून फोन आला. खरोखरच पॅनमधील एक अक्षर चुकले होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात २६एएस मध्ये आकडा बदलला.

हिशेबाचा भाग त्यामानाने लवकर उरकला. ५,९७,५०० मधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले ५,२२,५००. वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे बँका वगैरेंनी विभागाला कळवलेल्या नोंदींच्या यादीत, माझ्या बचत खात्यांवरचे १,८४६ रुपये व्याज दिसत होते, जे मी विसरले होते. ते त्यांनी मिळवले, कारण नव्या प्रणालीत बचत खात्याच्या व्याजाची वजावट मिळत नाही आणि विभागाला ते आधीच ठाऊक असते. एकूण ५,२४,३४६. त्यावर सुमारे ११,२०० रुपये कर निघतो, पण नव्या प्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए खाली २५,००० रुपयांपर्यंत रिबेट, म्हणजे निघालेल्या करातच सूट, होती, म्हणून देय कर शून्य. मी सुकन्या समृद्धी खात्यात मुलीच्या नावाने पैसे भरले होते, त्याचा फायदा नाही का, असे विचारले. ते म्हणाले, ती वजावट जुन्या प्रणालीत मिळते. पण कर आधीच शून्य झाला आहे, शून्याखाली काय जाणार? खाते मुलीसाठी चालू ठेवा, करासाठी त्याचा विचार करू नका.

येथे त्यांनी एक गोष्ट सुनावलीही. बिनपगारी रजा घ्यायची शक्यता मला सप्टेंबरातच दिसत होती. तेव्हाच लेखा विभागाला लेखी कळवले असते तर वर्षाचा अंदाज त्यांनी बदलला असता आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ५,६३४ रुपये तरी कापले गेले नसते. मुलीचे वजन आठवड्याला किती ग्रॅम वाढते यापलीकडे तेव्हा मला काही दिसत नव्हते, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

मग आला बँक खात्याचा घोळ, जो मला वाटते लग्न झालेल्या निम्म्या बायकांचा असेल. माझे पॅन माहेरच्या नावाचे आहे. लग्नानंतर आधार आणि पगाराचे बँक खाते सासरच्या नावावर झाले. परतावा ज्या खात्यात हवा ते खाते संकेतस्थळावर आधी पडताळावे लागते, आणि खात्यावरील नाव पॅनशी जुळले नाही तर पडताळणी होत नाही. पगाराचे खाते दोनदा नाकारले गेले. पॅनवरील नाव बदलायचे तर विवाह नोंदणीचा दाखला जोडून अर्ज करायचा आणि वाट पाहायची, आणि मुदत जवळ येत चालली होती. सल्लागारांनी विचारले, "माहेरच्या नावाचे एखादे जुने खाते जिवंत आहे का?" महाविद्यालयात असताना बार्शीत उघडलेले एक खाते होते. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते, पण माझा भाऊ पुण्याहून दर भाऊबीजेला ओवाळणी त्याच खात्यात पाठवतो, कारण त्याच्या मोबाइलमध्ये माझे तेवढेच खाते साठवलेले आहे. त्या पाचशे-हजारांमुळे खाते चालू राहिले होते. ते पडताळले गेले. भावाला मी हे सांगितले तेव्हा त्याने यंदा ओवाळणी वाढवायला हवी असे म्हटले नाही, हे नोंदवून ठेवते.

विवरणपत्र भरल्यानंतर तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते, नाहीतर ते वेळेत भरल्याचे धरले जात नाही. सोपा मार्ग आधारवरील मोबाइलला येणारा ओटीपी. माझ्या आधारवर नाव सासरचे झाले तरी मोबाइल क्रमांक अजून वडिलांचाच आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेतीनला, नवी पेठेतून मी बार्शीला फोन लावला तेव्हा वडील झोपेतून उठले होते. "बाबा, मेसेज आलाय, सहा आकडे सांगा." ते म्हणाले, बँकेवाले सांगतात कोणाला ओटीपी सांगायचा नाही. मी म्हटले, मी तुमची मुलगी आहे. त्यांनी आधी विचारले की मुलगी जेवली का, मग चष्मा शोधला, मग चार आकडे सांगून थांबले. पहिला ओटीपी कालबाह्य झाला. दुसऱ्या वेळी काम झाले. सल्लागार शांतपणे पट्टी पुसत बसले होते. असे ते रोज पाहत असावेत.

१८ सप्टेंबरला बार्शीच्या खात्यात २३,२१० रुपये जमा झाले. मूळ २२,५३६ आणि त्यावर ६७५ रुपये व्याज, एकूण जवळच्या दहा रुपयांत. वेळेत विवरणपत्र भरले असेल तर परताव्यावर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, हे मला ठाऊक नव्हते. नोव्हेंबरची चूक न काढता घाईने भरले असते तर २,८१७ रुपये कदाचित अडकून राहिले असते.

आता शुल्क आणि तक्रारी. त्यांनी एकूण १,२०० रुपये घेतले आणि छापील पावती दिली. परतावा किती येणार यावर शुल्क बदलत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. कारखान्याला लिहिलेल्या पत्राचे वेगळे पैसे घेतले नाहीत. सोलापुरात यापेक्षा स्वस्तात विवरणपत्र भरून देणारे आहेत, पण माझ्या बाबतीत भरण्यापेक्षा तपासण्याचे काम मोठे होते. तक्रारी अशा की कार्यालयाचा फोन बहुधा कोणी उचलत नाही. जुलैत मी आठ वेळा लावला, दोनदा उचलला गेला. वेळ ठरवून देत नाहीत, आणि मुदत जवळ आली की बाकडे जिन्यापर्यंत जाते. जिन्याची अवस्था म्हातारी माणसे, गरोदर बायका किंवा कडेवर मूल असलेल्यांसाठी खरोखर धोक्याची आहे. कठड्याची दोरी बदलून लोखंडी नळी बसवायला फार खर्च येऊ नये. कागदपत्रे ई-मेलवर पाठवायची सोय आहे असे ते सांगतात, पण मी पाठवलेली स्लिपांची फाइल कोणी उघडल्याचे दिसले नाही. शेवटी छापूनच न्यावी लागली. आणखी एक गोष्ट म्हणजे सगळा विश्वास सल्लागारांवर एकट्यावर आहे. ते सुटीवर असले की कार्यालयातील दुसरे कोणी पट्टी हातात घेत नाही.

कोणी जावे? ज्यांचा पगार वर्षाच्या मध्यात थांबला, दोन नोकऱ्या झाल्या किंवा फॉर्म १६ आणि पगाराच्या स्लिपा जुळत नाहीत, त्यांनी नक्की जावे, आणि सगळ्या महिन्यांच्या स्लिपा, चालू असलेल्या प्रत्येक खात्याचे पासबुक आणि आधारवर कोणाचा मोबाइल आहे ही माहिती घेऊन जावे. पगार वर्षभर सारखा असेल आणि फॉर्म जुळत असेल, तर प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर आधीच भरलेला आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म घरी बसून तपासून भरता येतो, त्यासाठी १,२०० रुपये आणि दोन जिने नकोत. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट मिळून कर शून्य होतो. त्यामुळे मी १ एप्रिलला कामावर परतल्यावर, पगार तेवढाच असूनही, माझा कर कापला गेलेला नाही. म्हणजे माझ्यासारख्यांना पुढच्या बाळंतपणात ही धावपळ करावी लागू नये, मात्र त्याहून अधिक पगार असणाऱ्यांचा प्रश्न तसाच आहे. कर शून्य असला तरी उत्पन्न चार लाखांच्या वर असल्यास विवरणपत्र भरावे लागतेच, याची आठवण त्यांनी मला निघताना करून दिली.

परतावा आल्याचे सांगायला मी सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा गेले, खाली नवरात्राच्या खरेदीची गर्दी होती. मी पावती पुढे केली तेव्हा त्यांनी ती उलटी केली आणि मागे पेन्सिलीने लिहिले: "व्याज ६७५, पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवणे." ती पावती मी मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवली आहे.